चढावर उजवा गुडघा दुखतो, करंगळ्या बधिर होतात. बाइक फिटिंग करून घ्यावं का?

भल्यापहाटे:

नमस्कार मंडळी,

आधी हायब्रिड चालवायचो, तिच्यावर कसलाच त्रास नव्हता. रोड बाइकवर आल्यापासून मात्र तासाभरात दोन गोष्टी सुरू होतात. चढ लागला की उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या आसपास, पुढच्या बाजूला, ठणका लागतो. डावा गुडघा ठणठणीत. सपाटीवर उजवाही गप्प असतो. दुसरं म्हणजे दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. हात झटकले की पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा मुंग्या.

मापं देतो. पायाची आतली लांबी, जांघेपासून जमिनीपर्यंत अनवाणी, ७९ सेमी. सॅडलची उंची, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत, ६७.५ सेमी. क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ मिमी, स्टेम (हँडलबार धरणारा पुढचा तुकडा) १०० मिमी, बुटाखाली शिमानोच्या पिवळ्या क्लीट्स, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारे तुकडे. सॅडलचं नाक थोडं खाली झुकवलेलं आहे, कारण सरळ ठेवलं की पुढच्या नाजूक भागावर दाब येतो.

ग्रुपमध्ये जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतो सवय होईल, दुसरा म्हणतो जेलची सॅडल घे, तिसरा म्हणतो नी कॅप लाव आणि चौथा म्हणतो प्रोफेशनल फिटिंग कर. २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड, करायची मनापासून इच्छा आहे, पण या गुडघ्याच्या भरवशावर नाव नोंदवायचा धीर होत नाही. फिटिंगमध्ये नक्की काय करतात? खरंच फरक पडतो का?

लांबपल्ला:

"सवय होईल" हे अजिबात मनावर घेऊ नका. बसायची जागा थोडी चुरचुरते, मांड्या भरून येतात, त्याची सवय होते. सांध्यातली कळ आणि बधिर बोटं यांची होत नाही, ती वाढत जातात. ब्रेव्हेला २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात. त्यातला निम्मा वेळ हात झटकण्यात जाऊ नये असं वाटत असेल तर आधी फिटिंग, मग नावनोंदणी. इथे फिजिओताई आहेत, त्या नीट सांगतील.

फिजिओताई:

भल्यापहाटे, मापं दिलीत हे फार बरं केलंत. नुसतं "गुडघा दुखतो" एवढ्यावर काही सांगता येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सायकलवाल्यांचे गुडघे आणि पाठी बघता बघता फिटिंगकडे वळले आणि आता माझ्या कामाचा मोठा भाग तोच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक खात्री करून घ्या. गुडघ्याला सूज येते का? वाकवताना मध्येच अडकतो का? रात्री पडल्या पडल्या दुखतो का? बोटांचा बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही टिकून राहतो का, शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकत नाहीत असं होतं का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर आधी डॉक्टर, फिटर नंतर. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण हे विचारल्याशिवाय मी कुणालाच सायकलवर बसवत नाही.

आता गुडघा. सॅडलच्या उंचीचा एक जुना हिशेब आहे: पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँडच्या नावाने तो प्रसिद्ध आहे, त्याच्याकडे तो त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडून आला. तुमच्या ७९ सेमीला तो लावला तर ६९.८ येतात. म्हणजे तुमची सॅडल जवळजवळ सव्वादोन सेमी खाली आहे. हा आकडा देवाचा शब्द नाही. त्याला तुमच्या पावलाची लांबी माहीत नाही, बुटाच्या तळव्याची जाडी माहीत नाही, टाच खाली सोडून पेडल मारता की चवड्यावर, हेही माहीत नाही. पण सव्वादोन सेमीची तफावत या सगळ्याने भरून निघेल असं मला वाटत नाही.

सॅडल खाली असली की पेडल वर येतं तेव्हा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो. जितका जास्त दुमडलेला गुडघा, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते, आणि त्याच अवस्थेत तुम्ही पेडलवर जोर टाकायला सुरुवात करता. सपाटीवर पाय हलके फिरतात म्हणून निभावून जातं. चढावर कॅडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) पडतो, प्रत्येक फेरीचा जोर वाढतो आणि गुडघा तक्रार करतो. म्हणून तुम्हाला चढावरच दुखतं. ढोबळ मानाने, गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सॅडल खाली आहे किंवा फार पुढे आहे असा संशय घ्यायचा, मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर वर किंवा फार मागे. आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर नजर आधी क्लीटकडे न्यायची.

पण मग फक्त उजवाच का? सॅडल दोन्ही पायांना सारखीच खाली आहे. हा प्रश्न मला सॅडलच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि याचं उत्तर कुठल्याही सूत्रात मिळत नाही, माणूस तपासावा लागतो. तोवर तुम्ही घरी तीन गोष्टी बघून ठेवा. सॅडलची एक बाजू जास्त झिजली आहे का? दोन्ही क्लीट्सची झीज सारखी आहे का? आणि क्रँकवर बुटाच्या टाचेने घासल्याच्या खुणा आहेत का, असल्या तर कुठल्या बाजूला?

आता बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची संवेदना अल्नर नावाच्या मज्जातंतूकडे असते. तो मनगटातून तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जातो आणि नेमका तिथेच हँडलबारवर भार येतो. अंगठा आणि तर्जनी बधिर झाली असती तर मी मीडियन नावाच्या दुसऱ्या मज्जातंतूचा विचार केला असता. तेव्हा तंतू कुठला ते कळलं, पण त्याच्यावर इतका भार का? इथेच बहुतेक लोक जाड ग्लोव्ह्ज घेतात, दुहेरी बारटेप गुंडाळतात आणि थांबतात.

तुमच्या सॅडलचं नाक खाली आहे. म्हणजे तिची घसरगुंडी झाली आहे: शरीर सतत पुढे सरकतं, आणि तुमच्या नकळत तुम्ही हातांनी स्वतःला मागे रेटत राहता. कोपरं ताठ, खांदे कानाजवळ, सगळा भार तळव्यांवर. नाक खाली का केलंत? तर पुढे दाब येतो म्हणून. तो दाब का येतो? एक शक्यता अशी की सॅडल तुमच्या बैठकीच्या हाडांना अरुंद आहे, त्यामुळे हाडं टेकतच नाहीत आणि भार मऊ भागावर जातो. दुसरी अशी की हँडलबार लांब पडतो आणि तिथे पोचायला तुम्ही सॅडलच्या पुढच्या टोकावर येऊन बसता. म्हणजे बधिर बोटांचा उगम बसायच्या जागेत असू शकतो. शरीर जिथे कळ दाखवतं तिथेच कारण असेल असं नाही. मी रोज जे काम करते त्याचा गाभा एवढाच आहे.

एक उदाहरण देते. एक रायडर माझ्याकडे आल्या, त्यांचा फक्त डावा तळवा बधिर व्हायचा. ग्लोव्ह्ज बदलून झाले होते, हँडलबारही बदलून झाला होता. सायकल स्टँडवर लावली तर सॅडलचं आवरण उजवीकडे गुळगुळीत झालेलं, डावीकडे नवं कोरं. शॉर्ट्सच्या पॅडचे धागेही उजवीकडेच सुटलेले. टेबलवर झोपवून मोजलं तर उजवा पाय थोडा आखूड होता. पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून त्या उजव्या अंगाला कलून बसायच्या, धड वळायचं आणि डाव्या हातावर तोल सावरला जायचा. उजव्या क्लीटखाली शिम, म्हणजे उंची भरून काढणारी पातळ चकती, घातली, त्या सॅडलवर मध्यावर बसायला लागल्या आणि तळव्याचा त्रास हळूहळू संपला. हँडलबारला मी हातही लावला नव्हता.

आता तुमच्या बाबतीतली गुंतागुंत बघा. कुणी म्हणेल, सॅडल वर कर, झालं. पण सीट ट्यूब (सॅडलखालची फ्रेमची नळी) तिरकी असते, साधारण ७३ अंशांत. सॅडल १५ मिमी वर घेतली की ती ४ मिमीच्या आसपास मागेही जाते. म्हणजे हँडलबार तेवढा लांब गेला, शिवाय सॅडलच्या तुलनेत १५ मिमी खालीही गेला. गुडघा सुधारेल आणि बोटं बिघडतील. म्हणून सॅडलची उंची, तिचं मागे-पुढे, तिचा कल, स्टेम आणि हूड्स (ब्रेकच्या दांड्यांवरची हात ठेवायची जागा), हे सगळं एकत्र बघावं लागतं. फिटरला पैसे द्यायचे ते याच्यासाठी.

फिटिंगमध्ये काय होतं? चांगल्या फिटिंगची सुरुवात सायकलपासून दूर होते. जुनी दुखापत, दिवसभर बसून काम करता का, किती अंतर चालवता, पुढे काय करायचं आहे, हे विचारलं जातं. मग टेबलवर तपासणी: मांडीच्या मागचे स्नायू किती ताणले जातात, खुबा आत-बाहेर किती फिरतो, घोटा किती वाकतो, पावलाची कमान कशी आहे. बैठकीच्या हाडांमधलं अंतर मोजतात. त्यानंतर सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, लावून शरीर गरम होईपर्यंत पेडल मारायला लावतात, कारण पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसतो. घोटा, गुडघा, खुबा, खांदा, कोपर, मनगट इथे ठिपके चिकटवून व्हिडिओ किंवा मोशन कॅप्चरवर कोन मोजतात. पेडल सर्वांत खाली असताना स्थिर अवस्थेत गुडघ्याचा बाक २५ ते ३५ अंशांत असावा असा जुना संकेत आहे. पाय फिरत असताना तोच बाक काही अंश जास्त दिसतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नका.

मी स्वतः सर्वांत जास्त वेळ पाठीमागून बघते. शॉर्ट्सच्या कमरपट्ट्याची रेघ दर फेरीला डावी-उजवीकडे झुलते का? झुलत असेल तर सॅडल वर आहे आणि पाय पेडलमागे धावतोय, कंबरदुखीला तेच आमंत्रण. समोरून बघताना गुडघा सरळ खाली-वर जातो की टॉप ट्यूबकडे वळतो, ते बघते. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर तासाला ५,४०० होतात. गुडघा दर फेरीला एवढासा जरी पिळला तरी तासाला ५,४०० वेळा पिळला जातो.

जेलच्या सॅडलबद्दल: घेऊ नका. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला मऊ भाग उलट वर दाबला जातो. थोड्या वेळासाठी छान वाटतं, लांब अंतराला त्रास वाढतो. योग्य रुंदीची, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी टणक सॅडल हाडांना आधार देते.

फिटर निवडताना मी एवढंच बघेन: तो आधी माणसाला तपासतो का, शेवटी सगळी मापं लिहून देतो का, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघायला बोलावतो का. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयबीएफआय ही फिटर्सची संस्था आहे, तिची श्रेणी असेल तर उत्तम, पण त्याहून मी या तीन गोष्टींना वजन देते. तुम्ही बसायच्या आधीच नवी सॅडल, नवा स्टेम, नव्या इनसोल्सची यादी पुढे करणाऱ्याकडून उठून या. आणि जाताना रोजचेच बूट आणि रोजचीच शॉर्ट्स न्या.

ओळंबा:

ताई, सगळं मान्य, पण प्रत्येकाला फिटर परवडतो किंवा जवळ मिळतो असं नाही. मी माझं फिटिंग घरीच केलं आहे आणि मला कसलाही त्रास नाही. सायकल ट्रेनरवर लावायची, टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सॅडल वर घ्यायची, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्याला हवा तेवढा बाक मिळतो. मग क्रँक आडवा ठेवून गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा, तो पेडलच्या आसावर पडला की सॅडलचं मागे-पुढे ठरलं. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. एवढ्यात बरंचसं काम होतं.

फिजिओताई:

ओळंबा, टाचेची पद्धत सुरुवातीला चांगली आहे, आणि ज्यांना काहीही दुखत नाही त्यांना घरचं फिटिंग पुरतं, हे मी सुद्धा सांगते. मोबाइल फक्त क्रँकच्या उंचीच्या आसपास, सायकलला काटकोनात आणि जरा लांब ठेवा, नाहीतर तिरक्या चित्रात कोन चुकतात.

ओळंब्याबद्दल माझं मत वेगळं आहे. गुडघा पेडलच्या आसावर यायलाच हवा, या नियमावर सायकली बनवणाऱ्या कीथ बाँट्रेगर यांनी पूर्वीच सविस्तर टीका केली आहे. त्यांचा मुद्दा मला पटतो: रिकंबंट सायकलवर माणूस पाठीवर रेलून पेडल मारतो, तिथे ओळंबा गुडघ्याखालून सोडला तर तो पेडलच्या जवळपासही जात नाही, तरी गुडघे शाबूत राहतात. सॅडलचं मागे-पुढे मुख्यतः तोल ठरवतं. एक चाचणी सांगते. ट्रेनरवर हूड्स धरून मध्यम जोर लावत असताना दोन्ही हात क्षणभर हूड्सपासून बोटभर उचला. धड जागेवर राहिलं तर ठीक. पुढे कोसळायला लागलात तर हातांवर नको तेवढा भार आहे.

भल्यापहाटेंना मात्र मी घरच्या घरी करा असं म्हणणार नाही. एकाच बाजूला दुखतंय. आपलं आपल्याला पाठीमागून बघता येत नाही, आणि पाय आखूड आहे की खुबा आखडल्यामुळे तसा भासतो आहे, हे आरशासमोर उभं राहून ठरत नाही. त्या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शिम लागते, दुसऱ्याला व्यायाम.

खडाचढ:

मध्येच विचारतो. हल्ली सगळे आखूड क्रँककडे वळलेत. टूर द फ्रान्सवाला पोगाचारही १६५ मिमी वापरतो म्हणे. भल्यापहाटेंचा क्रँक १७२.५ आहे, तो बदलला तर गुडघ्याचा प्रश्न मुळातूनच सुटणार नाही का? ताकद कमी पडेल का?

फिजिओताई:

ताकदीची काळजी करू नका. मार्टिन आणि स्पिरडुसो या संशोधकांनी २००१ मध्ये १२० पासून २२० मिमीपर्यंतचे क्रँक तपासले होते. इतक्या टोकाच्या फरकातही कमाल ताकदीत सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीमध्ये सुमारे ४ टक्क्यांचाच फरक आला. १६५ आणि १७२.५ मध्ये तुम्हाला तो जाणवणारही नाही.

गुडघ्याला मात्र फायदा आहे. क्रँक ७.५ मिमीने आखूड केला की वरच्या टोकाला पेडल ७.५ मिमी खाली येतं. खालच्या टोकाला ते तेवढंच वर येतं, म्हणून सॅडलही ७.५ मिमी वर घेता येते. एकूण १५ मिमीची मोकळीक वरच्या टोकाला मिळते, गुडघ्यालाही आणि खुब्यालाही. ज्यांचा खुबा आखडलेला आहे किंवा जे फार खाली वाकून चालवतात त्यांना मी हा बदल मनापासून सुचवते. पण भल्यापहाटेंची सॅडलच दोन सेमी खाली असताना क्रँकपासून सुरुवात करायचं कारण नाही. आधी फुकट होणारे बदल.

लांबपल्ला:

मानेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण ब्रेव्हे म्हटलं की तो विषय येणारच. हँडलबार फार लांब आणि खाली असला की रस्ता दिसायला मान सतत वर उचलून धरावी लागते. अतिलांब शर्यतींमध्ये मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं उचलतच नाही. त्याला शर्मर्स नेक म्हणतात, १९८३ च्या रेस अक्रॉस अमेरिकामध्ये मायकेल शर्मर यांचं तसं झालं होतं. २०० किमीला तसं काही होत नाही, घाबरू नका, पण मान आणि खांद्यांमधली जागा अवघडत असेल तर तेही फिटरला सांगा. लाज नको. महान रेसर एडी मर्क्स १९६९ मध्ये ब्लोआच्या ट्रॅकवर भीषण पडले. त्या अपघातात त्यांच्यापुढे गाडी चालवणारा पेसर गेला. त्यानंतर मर्क्स यांची पाठ कधीच पूर्ववत झाली नाही आणि पुढची सगळी वर्षं ते सॅडलची उंची सारखी बदलत राहिले. इतका मोठा माणूस आपल्या बैठकीबद्दल इतका चोखंदळ होता, तर आपण का नसावं?

आणि टायरचा दाबही बघा. फिटिंगमध्ये तो येत नाही, पण २८ मिमीच्या टायरमध्ये जुन्या सवयीने दगडासारखी हवा भरलेली असेल तर प्रत्येक खड्डा थेट तळव्यात पोचतो.

भल्यापहाटे:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटिंग करून आलो, त्यानंतर काही आठवडे चालवूनही झालं, म्हणून तपशील देतो.

आधी ताईंनी बघायला सांगितलेल्या तीन गोष्टी. सॅडल दोन्हीकडे सारखीच झिजलेली. पण उजव्या क्रँकवर, टाच जिथे येते तिथे, पॉलिश उडून लांबट चट्टा पडला होता. इतके दिवस सायकल पुसतो, कधी तिकडे लक्ष गेलं नव्हतं. डावा क्रँक कोरा.

फिटरने त्या चट्ट्याचा फोटोच काढला. टेबलवर तपासल्यावर म्हणाला, दोन्ही पाय सारख्या लांबीचे आहेत, पण उजवा खुबा आत फारसा फिरत नाही, त्यामुळे उजवं पाऊल निसर्गतःच बाहेर वळलेलं असतं. मी उभा असतानाही तसंच उभं राहतं, हे त्याने जमिनीवरच्या रेघेवर उभं करून दाखवलं. क्लीट मात्र नाकासमोर सरळ लावलेली. पिवळ्या क्लीटमध्ये ६ अंशांची हालचाल असते, ती सगळी एका टोकाला संपून टाच क्रँकला घासत होती आणि उरलेला पीळ गुडघ्यात जात होता. त्याने उजवी क्लीट फिरवून पावलाला हवं तसं वळू दिलं, आणि दोन्ही क्लीट्स ५ मिमी मागे घेतल्या.

गुडघ्याचा बाक व्हिडिओवर खालच्या टोकाला ४६ अंश आला होता. सॅडल त्या दिवशी १० मिमी वर घेतली, आणि पुढे दोन-तीन मिमीच्या टप्प्यांनी आणखी ६ मिमी घ्यायला सांगितली. एकदम केली तर स्नायूंना झेपत नाही म्हणाला. सॅडलचं नाक जवळजवळ सपाट केलं. माझी सॅडल खरोखरच अरुंद निघाली. त्याच्याकडची रुंद, खाचेची सॅडल आधी लावून बसवली आणि पुढचा दाब तिथल्या तिथे गेला. स्टेम १०० ऐवजी ८० मिमी आणि खाली एक स्पेसर (उंची वाढवणारी कडी) वाढवला. हात उचलायची ताईंची चाचणी सुरुवातीला केली तेव्हा मी थेट पुढे गेलो होतो, शेवटी व्यवस्थित टिकलो. फिटिंगला अर्धा दिवस गेला, पण प्रत्येक बदलाचं कारण त्याने दाखवून दिलं, आणि ते पटत गेल्यामुळे वेळ कधी गेला कळलं नाही.

आता फरक. चढावर गुडघ्याच्या पुढची कळ गेली. पूर्ण गेली, आणि हे लिहिताना मला किती आनंद होतोय ते सांगता येत नाही. डाव्या हाताची बोटं आता बधिर होत नाहीत. उजव्या हाताची करंगळी लांब राइडच्या शेवटी जराशी होते, पण जागा बदलली की लगेच सुटते.

एक नवीन गोष्ट मात्र सुरू झाली आहे. शेवटचे ६ मिमी पूर्ण झाल्यापासून दोन्ही गुडघ्यांच्या मागे, पोटरीच्या वरच्या टोकाला, ओढ बसल्यासारखं वाटतं. दुखत नाही, पण तिथे काहीतरी आहे हे जाणवतं. स्नायूंना सवय व्हायची वेळ द्यावी, की सॅडल खाली घ्यावी?

फिजिओताई:

वाचून फार बरं वाटलं. आणि तो चट्टा शोधलात हे उत्तम, तुमच्या फिटरला त्याने अर्धं उत्तर हातात दिलं असणार.

मागची ओढ दोन्ही पायांना सारखी आहे, हे चांगलं लक्षण आहे. म्हणजे उजव्या खुब्याशी तिचा संबंध नाही, उंचीशी आहे. दोन बदल एकाच दिशेने झालेत: सॅडल १६ मिमी वर गेली, आणि क्लीट्स ५ मिमी मागे गेल्या. क्लीट मागे गेली की पेडल चवड्याकडून टाचेकडे सरकतं, घोट्याच्या पुढचा पावलाचा दांडा आखूड होतो आणि पायाची परिणामी लांबी जराशी कमी होते. त्यामुळे तीच उंची पायाला थोडी जास्त वाटते. सूत्राच्या ६९.८ पेक्षा तुम्ही अजूनही खालीच आहात, तरी शरीर "पुरे" म्हणतंय. अशा वेळी मी शरीराचं ऐकते.

सवय व्हायची वाट बघू नका, ओढ ही दुखण्याआधीची पायरी असते. तुमच्या फिटरला आधी कळवा, त्याने स्वतः बघितलेलं आहे, त्याचं मत माझ्यापेक्षा वरचं. तो हो म्हणाला तर ३ मिमी खाली घ्या, फक्त ३. दुसरं काहीही त्याच वेळी हलवू नका, टायरचा दाबसुद्धा नाही. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. सध्याच्या उंचीला सीटपोस्टभोवती टेपची पातळ पट्टी लावून ठेवा, म्हणजे परत यायचं झालं तर जागा हरवणार नाही. पोस्ट कार्बनची आहे का? असेल तर टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याशिवाय, क्लॅम्प आवळू नका.

उजव्या करंगळीसाठी एक बघा: उजवा हूड डाव्याच्या तुलनेत किंचित खाली किंवा आत वळलेला तर नाही ना? स्टेम बदलताना बार सोडवलेला असतो, कधी कधी बारीक फरक राहून जातो. दोन्ही हूड्सवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली की लगेच दिसेल. शिवाय उजव्या खुब्याचे स्ट्रेच फिटरने दिले असतील तर ते टाळू नका. क्लीट फिरवून आपण पावलाला वाट करून दिली, पण खुबा आखडलेलाच आहे.

भल्यापहाटे:

पोस्ट कार्बनची आहे, क्लॅम्पवर ५ न्यूटन मीटर लिहिलंय, रेंच मित्राकडून आणतो. फिटरशी आत्ताच बोललो, तोही ३ मिमीच म्हणाला. हूड्सवर पट्टी ठेवून बघितली: उजवा खरंच थोडा खाली आहे, डोळ्यांना दिसत नव्हतं. तो आत्ता तसाच ठेवतो, आधी सॅडल. गुडघ्यामागची ओढ गेली की मग हूड वर घेतो आणि करंगळीचं काय झालं ते इथेच लिहितो.